बाराव्या क्रमांकाची बस

आमची बस त्या घाटात तुम्ही घातलीत. बर्फाने नाही, नशिबाने नाही, तुम्ही. राजधानीतल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून साऱ्या राज्यातल्या शाळांचे खेळ चालवणाऱ्या तुम्ही लोकांनी. तुम्ही म्हणाल, हवामान आमच्या हातात नसतं. बरोबर आहे. पण कुणी कुणाच्या गावी जायचं हे तुमच्याच हातात होतं. ते तुम्ही कसं ठरवलंत ते मी सांगणार आहे. माझं होईपर्यंत मध्ये बोलू नका. फोनवर तुम्ही भरपूर बोललात.

विडो क्रीकचा संघ अकरा पोरांचा. आम्ही आठ जणांचा फुटबॉल खेळतो, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा तो, कारण मोठा खेळ खेळायला गावात पोरंच नाहीत. आठ मैदानात, तीन बाकावर. लोक मैदानाभोवती पिकअप गाड्या लावून आत बसूनच सामना बघतात आणि चेंडू शेवटच्या रेषेपार जाऊन टचडाउन झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. मी ट्रुडी. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि शुक्रवारी मैदानावरच्या लाकडी खोपटात बसून सामन्याचं घड्याळ चालवते. चेंडू फेकतो तो माझा मुलगा, एमिट. कोच अर्विद लुंडग्रेन वर्गात इतिहास शिकवायचे, संध्याकाळी संघ घडवायचे, आणि सामना बाहेरगावी असला की बसही तेच चालवायचे. आमच्यासारख्या शाळांत असंच असतं. तुम्हाला ते माहीत आहे, कारण बस चालवायचा त्यांचा परवाना दरवर्षी तुम्हीच मागवून घेता.

समोरचा संघ फारच मागे पडला की कोच माझ्या खोपटाकडे बघून हवेत बोटाने एक गोल काढायचे. म्हणजे, ट्रुडी, आता घड्याळ थांबवू नकोस, चालू दे, संपू दे लवकर. पोरांची लाज निघायला नको. मग चांगली पोरं बाकावर यायची आणि बाकावरची मैदानात जायची. असा माणूस होता तो.

सप्टेंबर संपताना एका दुपारी डेल्मर फ्रिट्झ आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. डेल्मर म्हणजे शेजारच्या कोल्टन फ्लॅट शाळेचा कोच. टोपी हातात, मान खाली. आमचे कोच ओट्याला टेकून दालचिनीचा रोल खात होते.

"अर्विद, माझ्याकडे सात उरलेत."

"सात काय?"

"पोरं रे. तिघं तापाने झोपलेत. आणि रस्टीच्या बापाचा हात कापणी यंत्रात गेला, त्यामुळे रस्टी आता शेतावर."

कोचनी रोल खाली ठेवला. "हात राहिला का?"

"कोपरापर्यंत."

कोचनी हात पुसले. मग कोच म्हणाले, "तसंही शुक्रवारी आमच्या मैदानात पाणी भरणार आहे."

"महिनाभर थेंब पडलेला नाही इथं."

"पाइप फुटणार आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं ट्रुडी, फुटणार आहे ना?"

"फुटलाच आहे," मी म्हटलं. "मी आत्ता पाय भिजवून आले."

डेल्मर हसला नाही. डोळे पुसून गेला.

ही आमच्याकडची रीत आहे. कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. तुमचा नियम म्हणतो की ज्याला आठ पोरं उभी करता आली नाहीत त्याने सामना सोडला असं लिहायचं, आणि ज्याने सामना सोडला त्याला पुढच्या वर्षी संघच उतरवता येणार नाही. आमच्यासारख्या गावात एक वर्ष खेळ बंद पडला की पोरं दुसऱ्या शाळेत जातात, मग शाळाच बंद पडते, मग गाव. म्हणून आमच्यात कोणी कोणाला सामना सोडायला लावत नाही. दोन्हीकडचे कोच तुम्हाला कळवतात की सामना झाला नाही. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. आणि त्या शुक्रवारी दोन्ही गावं मैदानावर एकत्र जेवतात, खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. त्या शुक्रवारी रस्टी बापाला घेऊन आला. बाप डाव्या हाताने खात होता आणि सगळे त्याच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते. शेवटी तोच म्हणाला, "बघा रे, बघा. फुकट आहे."

ऑक्टोबरात आमच्या दुसऱ्या शेजारगावच्या, ब्रॅकनच्या संघातला एक मुलगा ट्रॅक्टरखाली गेला. त्याला पुरलं त्या आठवड्यात त्यांचा आमच्याशी सामना होता. तोही झाला नाही.

बाकीचे सहा आम्ही खेळलो. सहाच्या सहा जिंकलो.

मग तो मानांकनाचा रविवार. बाद फेरीतले सोळा संघ आणि त्यांचे क्रमांक तुम्ही सकाळी जाहीर करता, आणि आमच्यासारखी गावं कॅफेत बसून वाट बघतात. आम्ही पर्लच्या कॅफेत होतो. पोरं, आईबाप, कोच, त्यांची बायको मॅव्हिस. वरच्या आठांत आलो असतो तर सामना आमच्या मैदानावर. पोरांनी पैज लावली होती, पहिले की दुसरे.

आम्ही बारावे आलो.

पर्लने कॉफीचं भांडं दाणकन खाली ठेवलं. "सहा जिंकून बारावे! बरं झालं सातवा जिंकला नाही, नाहीतर विसावे आलो असतो."

पाचव्या क्रमांकावर होती डोंगरापलीकडची एक शाळा. दोन सामने हरलेली. पाचव्याने बाराव्याला बोलवायचं, असा तुमचा नियम. म्हणजे आम्ही राज्याच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं, मधला घाट ओलांडून, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

कोचनी तुमच्या कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून टेबलावर ठेवला. तिकडून एका तरुण माणसाचा आवाज आला. गोड, घोटलेला. त्याने समजावलं. जिंकलेल्या सामन्याचे गुण, वर समोर खेळलेल्या प्रत्येक संघाने, हरवलेला असो की नसो, जिंकलेल्या सामन्यांचे गुण, सगळ्याची बेरीज.

"सरासरी नाही?" कोचनी विचारलं.

"नाही सर. बेरीज. न झालेल्या सामन्याचं शून्य धरतो."

"म्हणजे दोन सामने हरलेला संघ आमच्या वर, कारण तो दोन सामने जास्त खेळला."

"तसं नाही म्हणता येणार, सर."

"मग कसं म्हणता येईल?"

तिकडे कळफलकाचा आवाज आला. "सर, तुम्हाला दुपारी बारापर्यंत दुरुस्ती करता येईल. ते दोन सामने समोरच्यांनी सोडले असं कळवा. ते विजय धरले जातील. मी आत्ता घालून बघितलं, तुम्ही तिसरे येता. घरच्या मैदानावर."

पोरांनी ओरडून टेबलं बडवली. कोचनी हात वर केला.

"आणि कोल्टन फ्लॅटचं काय होईल? ब्रॅकनचं?"

"त्यांना नियम लागू होईल."

"मी विचारतोय, काय होईल?"

"पुढच्या मोसमात त्यांना संघ उतरवता येणार नाही. पण सर, तो त्यांचा प्रश्न आहे."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. घाटाची नव्हे. त्या आवाजाची. कुणाचंच वाईट न चिंतता तो आवाज काहीही करू शकला असता.

बातमी अशा वेळी रस्त्याने नाही, तारेने जाते. अर्ध्या तासात डेल्मर कॅफेत हजर. जाकीटही न घालता आला होता.

"लिही, अर्विद. आम्ही सोडला असं लिही."

"बस, कॉफी घे."

"कॉफी घाल चुलीत! नोव्हेंबरात बस घेऊन घाटात जाणार आहेस, शहाण्या? एकसष्ट वर्षांचा झालास. रात्री तुला समोरची गाय दिसत नाही."

"गाय दिसते. मॅव्हिस दिसत नाही," कोच म्हणाले, आणि मॅव्हिसने त्यांना कोपराने ढोसलं. मग त्यांनी डेल्मरला विचारलं, "पुढच्या वर्षी किती पोरं आहेत तुझ्याकडे?"

"नऊ. आठवीतला तो लांबड्या वाढला तर दहा."

"मग खेळव त्यांना."

"अर्विद..."

"ब्रॅकनवाल्यांना जाऊन काय सांगू? पोराच्या मातीला गेलात म्हणून तुम्ही सामना सोडलात, असं?"

मग ते पोरांकडे वळले. म्हणाले, सामना तुमचा आहे, तुम्ही सांगा. शेवटी एमिट म्हणाला, "बारावे तर बारावे. तिथे जाऊन हरवू." आणि बाकीच्यांनी टेबलं बडवली, पण यावेळी जरा हळू. बारा वाजले. आम्ही काही कळवलं नाही.

मंगळवारी वादळाचा इशारा आला. शुक्रवारी दुपारनंतर घाटात मोठा बर्फ. सामना होता शनिवारी दुपारी एक वाजता. कोचनी समोरच्या शाळेच्या कोचला फोन केला. तो भला माणूस निघाला. म्हणाला, "रविवारी खेळू, सोमवारी खेळू, पोरांना घाटात घालू नका. माझी हरकत नाही, लेखी देतो." त्याने लेखी दिलं. दोन्ही शाळांनी तारीख बदलायची विनंती तुमच्याकडे पाठवली. तुम्ही नाही म्हणालात. पुढच्या फेरीचं वेळापत्रक ठरलंय, प्रक्षेपण ठरलंय. कोचनी तुम्हाला पुन्हा फोन केला तेव्हा मी शेजारी उभी होते. त्यांनी एकच विचारलं: नाही आलो तर? गोड आवाज म्हणाला की एक वाजता संघ मैदानात नसेल तर विडो क्रीकने सामना सोडला असं लिहिलं जाईल. आणि पुढचं आम्हाला माहीतच होतं. पुढचं वर्ष गेलं. म्हणजे जो फास आम्ही दोन शेजाऱ्यांच्या गळ्यात पडू दिला नव्हता, तो आमच्या गळ्यात येऊन बसला होता.

तरी मी कोचना म्हटलं, "जाऊ नका. जाऊ दे एक वर्ष."

"खालच्या वर्गात किती पोरं आहेत आपल्याकडे, ट्रुडी?"

मला माहीत होतं. पाच. एक वर्ष खेळ थांबला तर पुन्हा कधी आठ व्हायची नाहीत.

"लवकर निघतो," ते म्हणाले. "वादळाच्या आधी पलीकडे उतरतो."

शुक्रवारी उजाडायच्या आत बस शाळेपुढे उभी होती. कोच एकेका चाकापाशी वाकून चाकांना लावायच्या साखळ्या तपासत होते. मॅव्हिसने घरातली सगळी पांघरुणं आणून मागच्या सीटवर टाकली, लग्नातली गोधडीसुद्धा. पोरं म्हणत होती, "मॅव्हिस आजी, आम्ही तिकडे राहायला नाही चाललो." मी दोन ट्रे रोल दिले. एमिटने मला सगळ्यांदेखत मिठी मारली नाही, फक्त खांद्याने धक्का दिला. सतरा वर्षांच्या मुलाकडून तेवढंच मिळतं. आभाळ स्वच्छ होतं. पश्चिमेकडे फक्त क्षितिजाला चिकटलेली एक करडी रेघ होती, आणि ती रेघ सगळ्यांनी बघितली आणि कोणी तिचं नाव काढलं नाही.

बस वळताना कोचनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि हवेत बोटाने एक गोल काढला. घड्याळ चालू दे. विनोद म्हणून केलं असणार. मला हसू आलं नाही.

दुपारी एमिटचा निरोप आला, घाटाच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपावरून. "बर्फ पडायला लागलाय. कोच साखळ्या लावतायत. घाट उघडा आहे म्हणतात. रोल संपले." त्यानंतर काही नाही. फाटक लावून घाट बंद केल्याचं आम्हाला रेडिओवरून कळलं. बस त्याच्या आधीच आत गेली होती. पलीकडे उतरली नव्हती.

ती रात्र मी सांगणार नाही. ती ऐकण्याचा तुम्हाला हक्क नाही.

शनिवारी सकाळी सगळं गाव शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होतं. कोल्टन फ्लॅटचे होते, ब्रॅकनचे होते. डेल्मर कोपऱ्यात उभा होता. पर्ल कॉफी ओतत होती, कोणी पीत नव्हतं. रस्ता खात्याचा माणूस म्हणाला होता की वारा थांबल्याशिवाय बर्फ काढायची गाडी वर जाऊ शकत नाही.

साडेबाराच्या सुमाराला शाळेच्या कचेरीतला फोन वाजला. सगळे एकदम उठले. खुर्च्यांचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. मॅव्हिसने धावत जाऊन फोन घेतला. ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. तिने फोन माझ्याकडे दिला.

तुम्ही होतात. गोड आवाज.

"मॅडम, तुमचा संघ अजून मैदानावर दिसत नाही. सामना एक वाजता आहे. त्यांना यायला अजून किती वेळ?"

मी म्हटलं, "बस सापडत नाहीये. कालपासून घाटात आहे."

"ओह. ऐकून वाईट वाटलं." खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणालात. मग कळफलक वाजला. "मग मी काय नोंदवू?"

"काही नोंदवू नका. लिहा, सामना झाला नाही."

"बाद फेरीत तसा पर्याय नाही, मॅडम."

मी फोन ठेवला नाही. तसाच खाली सोडला. तारेला लटकून तो भिंतीवर आपटत राहिला आणि त्यातून तुम्ही मला "मॅडम, मॅडम" म्हणत राहिलात.

बस सापडली ती दुपारी, पलीकडच्या बाजूने. शोधली ती त्याच पाचव्या क्रमांकाच्या शाळेच्या लोकांनी. तुम्हाला हे माहीत नसेल. आम्ही आलो नाही असं दिसल्यावर त्यांचा कोच सकाळीच मैदान सोडून निघाला होता, मागे त्यांची पोरं, त्यांचे बाप, फावडी आणि पिकअप गाड्या. वारा पडल्याबरोबर बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग ते वर चढले. आमची रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती.

एका वळणावर बस बर्फाच्या ढिगात अर्धी पुरलेली होती. इंजिन चालू होतं. अकराच्या अकरा पोरं जिवंत होती. सगळी मॅव्हिसच्या पांघरुणांखाली एकमेकांना चिकटून.

एमिटने मला सांगितलं ते असं. पुढे जाता येईना तेव्हा कोचनी इंजिन ऊब राहावी म्हणून चालू ठेवलं. पण धुराची नळी बर्फाने बुजली की धूर आत येतो आणि झोपेतच माणूस संपतो. हे आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. म्हणून कोच दर थोड्या वेळाने उतरायचे, बसला हात लावत लावत मागे जायचे, हाताने नळी मोकळी करायचे आणि परत यायचे. प्रत्येक वेळी आत आले की काहीतरी बोलायचे. एकदा म्हणाले, "बाहेर पाचव्या क्रमांकाचं हवामान आहे रे." पोरांना हसवत होते. वाऱ्यात बाहेर आपला हात आपल्याला दिसत नव्हता. आणि मग एका खेपेला ते परत आले नाहीत.

पोरांनी हाका मारल्या. मग एमिटने सगळ्यांचे पट्टे एकाला एक बांधले, एक टोक दाराला, एक कमरेला, आणि तो उतरला. कोच नव्हते. नळी मोकळी होती. नुकतीच मोकळी केलेली. तिथून पुढे पोरांनी पाळ्या लावल्या, बस सापडेपर्यंत, हातमोजे भिजून लाकूड झाले तरी. माझ्या पोराच्या फेकायच्या हाताची दोन बोटं गेली. तो म्हणतो, "आई, रस्टीच्या बापापेक्षा बरं." आणि हसतो, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते.

कोच रविवारी सापडले. रस्त्याच्या कडेखाली, फार खाली नाही. वर चढायचा प्रयत्न केलेला दिसत होता.

त्यांना पुरलं त्या दिवशी मैदानाभोवती तीन गावांच्या गाड्या लागल्या होत्या. हॉर्न कोणी वाजवला नाही. मी खोपटात चढले आणि घड्याळ लावलं आणि ते चालू दिलं, शून्यापर्यंत, एकदाही न थांबवता. मला दुसरं काही सुचलं नाही.

मग तुमचं पत्र आलं. वरच्या भागात शोक, खालच्या भागात निकाल. विडो क्रीक: संघ हजर नाही, सामना सोडला, पुढील मोसमास अपात्र. दोन्हीखाली एकच सही.

डेल्मर ते वाचून गेला. ब्रॅकनचा कोचही वाचून गेला. त्या दोघांनी मला सांगितलंय की पुढच्या वर्षी आमची पोरं शुक्रवारी त्यांच्या मैदानांवर खेळतील, तुमच्या कागदावर नसली तरी. तुम्ही विचारलंत तर त्या दिवशी त्यांच्याकडे पाइप फुटलेला असेल. तुम्ही त्यांनाही काढाल, हे त्यांना कळतं. तरी त्यांचं ठरलं आहे. म्हणजे हे संपलेलं नाही. तुमच्या त्या बेरजेत अजून बऱ्याच बसेस आहेत, आणि दर नोव्हेंबरात घाट आहे.

सही करणाऱ्या माणसाला माझा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला शोकाच्या भागात नको, निकालाच्या भागात हवं. त्या शनिवारी एक वाजता आमची अकरा पोरं घाटात होती, एकमेकांना जागं ठेवत. आमचे कोच घाटात होते. समोरचा संघ, त्याचा कोच, त्यांचे आईबाप, सगळे हातात फावडी घेऊन घाटात होते. मैदानावर कोणीच नव्हतं, फक्त तुमचं घड्याळ चालू होतं. आणि तुम्ही लिहिलंत की हजर नाहीत, सामना सोडला.

कोण हजर नव्हतं? कोणी सोडला? नाव लिहा, आणि पाठवा.